गडावरून उतरताना पेडल मऊ लागलं

नाशिकच्या इंदिरानगर भागातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्याचा गोषवारा असा: आमची २०१९ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे, गिअरची. ऑफिस, मुलीची शाळा, भाजीबाजार यातच फिरते, म्हणून चालली आहे जेमतेम २४,००० किलोमीटर. जानेवारीत सप्तशृंगी गडावरून उतरताना पायथ्याची नांदुरी जवळ आली आणि ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. पाय जवळजवळ तळाला टेकला, जळका वास आला. गाडी कशीबशी कडेला घेतली. अर्ध्या तासाने ब्रेक पहिल्यासारखा लागला. गॅरेजवाल्यांनी पुढचे पॅड बदलले आणि आता काळजी नको म्हणाले. मे महिन्यात दापोलीला जायचं ठरतंय: आम्ही दोघं, मुलगी, सासू-सासरे, शिवाय टपावर कॅरिअर. सासरे म्हणतात, कसारा घाटात गाडी न्यूट्रल टाका, इंजिनाला आराम आणि पेट्रोलची बचत. बायको म्हणते, या गाडीत मी बसणार नाही, ड्रायव्हरसकट गाडी ठरवा. मला वाटतं, उन्हाळ्यात ब्रेक तापणारच, तर सरळ दिवाळीनंतर जावं. कोणाचं ऐकू?

तुमच्या पत्रात एक शब्द तुम्ही सहज लिहून गेलात, जानेवारी. नाशिककर स्वेटर घालून दूध आणायला जातात त्या दिवसांत तुमचा ब्रेक तापला. तेव्हा ऊन कुठं होतं? म्हणजे दोष उन्हाचा नाही. मे महिन्यात हवा बरीच जास्त गरम असते हे खरं, पण घाट उतरताना डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी, दोन-तीनशे अंशांवर सहज जाते. तिच्या हिशेबात हवेतला हा फरक किरकोळ आहे. उन्हाळ्यात ब्रेकच्या तक्रारी वाढतात त्या बऱ्याचशा यासाठी, की वर्षभर गावात फिरणारी गाडी सुट्टी लागली की माणसांनी आणि बॅगांनी भरून थेट घाटात घातली जाते.

ही उष्णता येते कुठून? इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना गाडी साधारण ३०० मीटर खाली येते. गाडी, माणसं आणि सामान मिळून १,३०० किलो धरा. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिच्यावर ३० अंशांचं १३ लिटर पाणी उकळायला लागेल. ही सगळी उष्णता कोणी ना कोणी झेलायची असते. थोडी हवा झेलते, थोडी टायर. उरलेली एक तर इंजिन झेलेल, नाहीतर चार चाकांवरचे ब्रेक. कोणी झेलायची ते गिअरच्या दांड्यावर ठरतं. सासऱ्यांच्या सल्ल्याकडे म्हणूनच येणार आहे, पण आधी तुमच्या गाडीला जानेवारीत काय झालं ते बघू.

ब्रेक तापून दोन प्रकारे बिघडतो आणि पायाला ते वेगवेगळे कळतात. डिस्कला घासणारे पॅड अति तापले तर पेडल घट्टच राहतं. तुम्ही जीव खाऊन दाबता, पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल मऊ लागतं आणि खाली खाली जातं, कारण नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा जोर तिथेच मुरतो, चाकापर्यंत पोहोचतच नाही. तुम्ही लिहिलेलं लक्षण दुसरं आहे. जळका वास पॅडचा असणार, पण पेडल तळाला गेलं ते ऑइलमुळे. निदान पहिला संशय तरी तिथेच घ्यायला हवा.

यातली फसवी गोष्ट अशी, की अर्ध्या तासात सगळं निवतं, वाफेचं परत ऑइल होतं आणि पेडल पूर्ववत लागतं. गाडी बरी झाली असं वाटतं. प्रत्यक्षात तेच ऑइल, त्यातलं तेच पाणी, पुढच्या घाटाची वाट बघत आत असतं. गॅरेजवाल्यांनी पॅड बदलले ते वाया गेले असं म्हणणार नाही. वास येण्याइतके तापलेले पॅड बघायलाच हवे होते. पण ऑइल बदललं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बिल काढून बघा. त्यावर ब्रेक ऑइलची ओळ नसेल तर मूळ दुखणं तसंच आहे.

आता तुमच्या २४,००० किलोमीटरबद्दल. गाडी कमी चालली म्हणजे पॅड कमी झिजले, इथपर्यंत बरोबर. ब्रेक ऑइल मात्र उभ्या गाडीतही जुनं होतं. ते हवेतलं पाणी शोषतं. ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणातून, रबरी नळ्यांमधून थोडं थोडं पाणी त्यात शिरत राहतं. डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलं असतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळायचं नाही अशी त्याची प्रत ठरलेली आहे, त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की तीच किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० आहेत. म्हणून बहुतेक कंपन्या साधारण दर २ वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात, किलोमीटर कितीही झालेले असोत. तुमचं ऑइल २०१९ पासून बदललेलंच नसेल, तर नाशिकचे सगळे पावसाळे त्याने झेललेत. दिवाळीनंतर जायचा तुमचा विचार इथे उलटा पडतो: तोवर ऑइल आणखी एक पावसाळा पिऊन बसेल.

तेव्हा गॅरेजला जा, पण निघायच्या आदल्या संध्याकाळी नको, किमान दोन आठवडे आधी. आणि 'ब्रेक चेक करा' एवढंच सांगू नका. एवढं सांगितलं की एक चक्कर मारून गाडी परत मिळते. चारही चाकं उतरवून बघायला सांगा आणि शक्य असेल तर समोर उभे राहा.

ऑइल बदलायची एक सोपी पळवाट चालते. सिरिंजने वरच्या डबीतलं काळं ऑइल ओढायचं, नवं ओतायचं, झाकण लावायचं. डबी मधासारखी पिवळी दिसते, गिऱ्हाईक खूश. पण नळ्यांमधलं आणि कॅलिपरमधलं, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातलं, जुनं ऑइल तसंच राहतं, आणि उष्णता नेमकी कॅलिपरपाशी असते. ऑइल बदलणं म्हणजे प्रत्येक चाकाच्या निपलला, म्हणजे ऑइल काढायच्या छोट्या तोटीला, पारदर्शक नळी लावून जुनं ऑइल बाटलीत काढणं, स्वच्छ आणि बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांमध्ये सहसा सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून सुरुवात करतात. मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तो पुस्तकात बघायचा. या कामात डबी कधीही रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर आत हवा शिरते, आणि ती एबीएसच्या युनिटमध्ये गेली तर काही गाड्यांना स्कॅनर लावूनच काढावी लागते. अर्धा ते एक लिटर ऑइल लागतं. बाटली सीलबंद असावी आणि तुमच्यासमोर फोडलेली असावी. उरलेलं पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवू नका, तेही पाणी शोषतं. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल येतं, ते या गाड्यांसाठी नाही. आणि थेंब बॉनेटवर सांडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग उतरतो. या सगळ्याचा खर्च एका टाकीभर पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमी येतो.

कोणी डबीची पातळी कमी दिसली म्हणून वर ऑइल भरून देत असेल तर आधी विचारा, कमी झालं कशाने. पॅड झिजले की पातळी आपोआप थोडी खाली येते, ते ठीक आहे. पॅड चांगले असून पातळी उतरली, तर कुठेतरी गळती आहे, आणि भरून दिल्याने ती फक्त झाकली जाते.

चाक उतरलंच आहे तर पॅडची आतली बाजू बघायला लावा. बाहेरचा पॅड चाकाच्या जाळीतून दिसतो, त्यावर विसंबू नका. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्या की एकच पॅड झिजत राहतो, दुसरा नव्यासारखा दिसतो आणि डिस्क सतत घासून तापते. तुमच्या गाडीला असंही झालं असेल, कारण गावात फिरणाऱ्या, पावसात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या पिना गंजतात. पिना काढून साफ कराव्यात आणि ब्रेकसाठीचंच ग्रीस लावावं. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन आणखी अडकते. पॅडचं घासणारं मटेरियल ३ मिलिमीटरवर आलं की बदलायचं. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कमीत कमी जाडी कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर मारून वापरायची नाही. मागच्या ड्रममध्ये लायनर (ड्रमला आतून घासणारे) आणि व्हील सिलिंडर (ते लायनर दाबणारे) बघायचे. सिलिंडरचं रबर जरा उचललं आणि आत ओलं दिसलं तर तो गळतोय. रबरी नळी हाताने वाकवून बघा, तडे दिसले तर बदला. हँडब्रेक साधारण ५ ते ८ खटक्यांत धरला पाहिजे.

नव्या पॅडना डिस्कवर बसायला वेळ लागतो, म्हणून ते दोन आठवडे म्हटले. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, मग थोडं चालवून निवू द्यायचं. असं दहाएक वेळा केलं की पुरे. तुमचे पॅड जानेवारीपासून गावात चालतायत, एव्हाना बसले असतील.

घरच्या घरी दोन मिनिटांत एक परीक्षा करता येते. गाडी बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा, ते दगडासारखं होईल. तसंच दाबून धरा. तीस सेकंदांत हळूहळू खाली सरकायला लागलं तर मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग) आतून सोडतोय किंवा बाहेर गळती आहे. सरकलं नाही तर पाय तसाच ठेवून गाडी सुरू करा; आता पेडल थोडंसं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) किंवा त्याची व्हॅक्यूमची नळी बघून घ्या.

आता सासरे. त्यांचं म्हणणं खोटं नाही, जुनं आहे. कार्बोरेटरच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरतानाही पेट्रोल ओढलं जायचं, म्हणून न्यूट्रलमध्ये थोडी बचत होत असे. धोका तेव्हाही होता, पण बचत खरी होती. तुमच्या गाडीत इंजेक्शन आहे. गिअरमध्ये असताना तुम्ही ॲक्सिलरेटर सोडला की संगणक पेट्रोल तोडतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं, पेट्रोल शून्य. न्यूट्रल टाकलंत की इंजिन चालू ठेवायला त्याला परत पेट्रोल द्यावं लागतं. म्हणजे उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचत नाही, जळतं. ताणाचं म्हणाल, तर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन साडेतीन हजारांवर फिरलं, आवाज वाढला, तरी त्याला काही होत नाही. तो आवाज म्हणजे मघाचे १३ लिटर पाणी उकळणारी उष्णता ब्रेकऐवजी इंजिन खातंय. वाद घालण्यापेक्षा सासऱ्यांना पुढे बसवा आणि आरपीएमचा काटा लाल पट्ट्याकडे जात नाही ना, हे बघायचं काम द्या.

गाडी बंद करून उतरणं मात्र कोणीही सुचवलं तरी नाही. बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा ब्रेक मारण्यापुरतीच ताकद उरलेली असते, मग पेडल दगड होतं, स्टिअरिंगही जड होतं.

तर उतरायचं असं: ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचा, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. गडाच्या वळणांवर दुसरा, कसाऱ्यात तिसरा, चढ-उतार तीव्र तिथे दुसरा. पेडलवर पाय टेकवून ठेवायचा नाही. वेग चाळिसाच्या वर गेला की नीट दाबून पंचवीस-तीसवर आणायचा आणि पाय पूर्ण सोडायचा. जानेवारीत तुमच्या हातून काय झालं असावं याचा अंदाज सांगतो: चौथा किंवा तिसरा गिअर आणि पूर्ण उतारभर पेडलवर हलका पाय. गावात चालवणाऱ्याची ती सवय असते. गावात तिने काही बिघडत नाही, घाटात बिघडतं.

ज्यांच्या गाड्या ऑटोमॅटिक आहेत त्यांनाही हे चुकत नाही. एएमटीत दांडा मॅन्युअलकडे ओढून दुसरा धरून ठेवा. सीव्हीटीत एल किंवा एस असेल तो वापरा. डी मध्ये ठेवून ब्रेकवर उतरणारे पुष्कळ दिसतात. इलेक्ट्रिक गाडी उतारावर स्वतःच चार्ज होते आणि ब्रेक वाचवते, पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर तिला ती वीज घ्यायला जागा नसते आणि गाडीचं हे रोखणं कमी होतं. सापुताऱ्यासारख्या ठिकाणी मुक्काम करून रात्रभर चार्जिंगला लावणार असाल तर ८०-९० टक्क्यांवर थांबवा.

बायकोच्या भीतीला तुम्ही पत्रात एकच ओळ दिलीत. पेडल तळाला जाताना त्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी जे पाहिलं ते खरं होतं आणि 'आता पॅड बदललेत' एवढ्याने ते मिटणार नाही. पण भाड्याची गाडी म्हणजे आपोआप चांगले ब्रेक, हेही नाही. तिथेही ऑइल कधी बदललं आणि ड्रायव्हर घाटात कुठल्या गिअरमध्ये उतरतो, हे विचारावंच लागेल, आणि ते विचारायला आपल्याला संकोच वाटतो. माझं मत असं: ऑइल बदला, चाकं उघडून बघा, मग एखाद्या सकाळी तुम्ही दोघंच परत गडावर जा. नांदुरीपासून वर साधारण १० किलोमीटरचाच घाट आहे. चैत्रोत्सव टाळा, तेव्हा खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि वर एसटीने जावं लागतं. उतरताना दुसरा गिअर. खाली येऊन सपाटीवर थांबा आणि पेडलची उंची बघा. वर निघताना जिथे घट्ट लागत होतं तिथेच लागलं पाहिजे. मग प्रत्येक चाकाजवळ, न टेकवता, हात धरा. समोरची दोन्ही सारखी गरम असतील. एकच चाक भट्टीसारखं वाटलं तर तिथला कॅलिपर अडकतोय. ही चाचणी नीट झाली तर दापोलीला स्वतःच्या गाडीने जा. नाही झाली, किंवा झाल्यावरही बायकोचं मन मानलं नाही, तर गाडी ठरवा. एवढ्या लांब कोणाला धास्तावून बसवण्यात सुट्टी कसली?

कसारा घाटच नको असेल तर समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ पासून सुरू आहे, तिथे बोगद्यातून जाता येतं. फक्त ध्यानात ठेवा, ताशी १२० वरून थांबायला ६० वरून थांबण्याच्या चौपट ऊर्जा ब्रेकने खायची असते. अंतर तसं ठेवा.

निघताना सामानाचं वजन करा, अंदाज नको. आरसीवर गाडीचं एकूण वजन किती चालतं ते लिहिलेलं असतं. पाच माणसं बसली की छोट्या हॅचबॅकमध्ये सामानासाठी फार थोडं उरतं. कॅरिअरवर कपडे आणि हलकं, आमरसाचे डबे खाली. ड्रायव्हरच्या पायाशी एकच मॅट, घट्ट बसलेला. आणि पाण्याची बाटली तिथे गडगडत येणार नाही अशी ठेवा. पेडलखाली बाटली गेली तर ऑइल नवं असून उपयोग नाही.

तरीही कुठे पेडल मऊ लागलंच, तर पहिल्याच वेळी ऐका. 'खाली गेल्यावर बघू' नाही. खालचा गिअर टाका, जागा मिळेल तिथे कडेला घ्या, पार्किंगचे दिवे लावा. मागे उतरणारे ट्रक असतात, वळणावर थांबू नका. तापलेल्या चाकांवर पाणी ओतायचं नाही, डिस्क वाकते किंवा तडकते. हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही, गरम ड्रमवर लायनर चिकटू शकतो. गिअर घाला आणि चाकाला दगड लावा. निघताना दगड उचलून कडेला टाका, मागून मोटारसायकलवाला येत असतो. अर्धा-पाऊण तास थांबा. पेडल परत आलं तरी पुढचा उतार पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, आणि खाली पोहोचल्यावर ऑइल तपासल्याशिवाय पुढे नाही.

अगदी पेडल तळाला गेलं आणि गाडी पळतेय, अशी वेळ आली तर पेडल भराभर पंप करा, वाफेतूनही थोडा दाब तयार होतो. एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेक बटण दाबून धरूनच हळूहळू ओढा, म्हणजे मागची चाकं एकदम जाम होणार नाहीत. बटणाचा हँडब्रेक असेल तर ते ओढून धरून ठेवा. हॉर्न, दिवे. शेवटचा उपाय डोंगराच्या बाजूला घासत नेणं, दरीच्या नाही. चावी काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल.

दापोलीत पहिल्या सकाळी गाडी काढाल तेव्हा चाकांतून खरखर ऐकू येईल आणि डिस्कवर नारिंगी गंज दिसेल. खाऱ्या हवेत एका रात्रीत तो येतो. चार-पाच वेळा ब्रेक लावलात की घासून जातो. दहाव्या वेळेलाही आवाज राहिला, तरच चाक उघडा.